नंदूचा सांधेताप आणि लांबूसाहेबाचं गाऱ्हाणं

डॉक्टर म्हणाले, "रुमॅटिक फीवर," आणि पुढच्या खाटेकडे वळले. मी त्यांच्या कोटाची बाही धरली. म्हटलं, "मराठीत सांगा. मी शिकलेला नाही, पण बहिराही नाही."

माझी सून शेवंती हळूच म्हणाली, "मामंजी, सोडा ना त्यांना." मी सोडलं नाही. मागल्या साली ह्याच इस्पितळात माझी बायको गेली. कशाने गेली ते मला आजवर ठाऊक नाही. डॉक्टर लोक तिच्या खाटेपाशी इंग्रजीत बोलायचे, माना हलवायचे आणि निघून जायचे. एका सकाळी खाट रिकामी.

हे डॉक्टर तरुण होते. रागावले नाहीत, स्टुलावर टेकले. "सांधेताप, बाबा. आधी पोराचा घसा दुखतो. आपण हळद-दूध देतो नि विसरतो. मग काही आठवड्यांनी ताप येतो, गुडघे सुजतात. सांध्यांत हा पाहुणा असतो, येतो तसा जातो. हृदयात शिरला तर बिऱ्हाड करतो. नंदूच्या छातीत मर्मर ऐकू येतेय."

मर्मर म्हणजे हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त थोडं मागे फिरतं, त्याचा आवाज. त्यांनी कानाला नळी लावून मलाही ऐकवला. आमच्या मिलमध्ये वाफेच्या पायपाला बारीक चीर पडली की असंच फुसफुसायचं. ते पाइप बदलता यायचे.

नंदू माझा नातू, नऊ वर्षांचा. बाप त्याचा बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने दर्यात. म्हणजे पोर माझ्या हवाली.

मी डॉक्टरांना म्हटलं, "हे त्या पाद्र्याचं काम. त्याच्या बॉलमुळे झालं."

जोगेश्वरीला गुंफांच्या अलीकडे मैदान आहे. तिथे एक अमेरिकेकडचा पाद्री पोरांना फुटबॉल शिकवतो. ताडासारखा उंच, पोरं त्याला लांबूसाहेब म्हणतात. सातासमुद्रापलीकडून माणूस आमची शेंबडी पोरं खेळवायला येतो, ह्याला काय मतलब? वर फुकट कॅनव्हासचे बूट. आणि खेळाआधी सगळ्यांनी गोल उभं राहून डोळे मिटायचे, हा मनातल्या मनात काहीतरी पुटपुटणार. मी नंदूला बजावलं होतं, "खेळ, पण डोळे मिटलेस तर तंगडी मोडीन."

डॉक्टर म्हणाले, "बॉलने सांधेताप होत नाही."

"तुम्ही ख्रिस्ती काय?"

"मी साताऱ्याचा देशस्थ आहे, बाबा," असं म्हणून हसत गेले. तरी मी त्यांच्यावर नजर ठेवली.

मग सुरू झालं इस्पितळ. पेनिसिलिनची सुई. ॲस्पिरिनच्या गोळ्या. ईएसआर, म्हणजे रक्त बारीक नळीत उभं ठेवून किती भरभर खाली बसतं ते बघायचं. भरभर बसलं म्हणजे आत सूज आहे. ईसीजी, म्हणजे छातीला तारा लावून ठोके कागदावर काढायचे. मी प्रत्येक गोष्टीला "मराठीत सांगा" म्हणायचो. नर्सबाई मला बघितलं की आपणहून सांगायला लागली. तुमच्या घरी असं दुखणं आलं तर लाजू नका. बाही धरा.

ताप काही उतरेना. पोर दम लागून बसूनच झोपायचं. शेवंती जेवेनाशी झाली. अशात एका दुपारी लांबूसाहेब आला. नंदूचा चेहरा उजळला, ते मला आवडलं नाही. साहेबाने टोपी काढली, खाटेपाशी गुडघ्यावर बसला, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागला.

मी म्हटलं, "ए साहेब! मनात काय मागतोस? माझ्या पोराबद्दल मागायचं तर मोठ्याने माग. मराठीत."

आमच्या कोकणात गाऱ्हाणं असंच घालतात. देवासमोर उभं राहायचं, काय हवं ते चारचौघांत खणखणीत सांगायचं. चोरून काही नाही.

साहेब म्हणाला, "सांगतो. चूक असेल तर थांबवा."

"थांबवीनच."

त्याने सुरुवात केली. मराठी त्याची लंगडी. "हे देवा, नंदूची ताप उतरू दे."

तापाला बाई केलं, पण मागणं ठीक होतं.

"त्याचा झडप नीट मिटू दे. त्याच्या आईला झोप दे, भूक दे." मग जरा थांबला. "आणि आजोबा रागावले आहेत. राग असू दे. पण त्यांची बायको इथे गेली, त्यांना भीती वाटते. ती भीती तू घे."

त्याला हे नंदूने सांगितलं असणार. दुसरं कोण सांगणार? पण मी थांबवायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "व्हय म्हाराजा!"

जन्माची सवय. कोणी गाऱ्हाणं घातलं की आपण "व्हय" म्हणायचं. पलीकडच्या खाटेवर सावंतवाडीचा एक म्हातारा होता, पोट फाडलेला. तोही गरजला, "व्हय म्हाराजा!"

नंदू म्हणाला, "आजोबा, आता तुम्ही बाटलात!"

शेवंती पदर तोंडाला लावून हसली. कित्येक दिवसांनी हसली. साहेब विचारतोय, "हे आमेन आहे का?" मी म्हटलं, "चहा घे नि जा."

ताप त्यानंतर उतरला. औषधाने उतरला, असं डॉक्टर म्हणतात. साहेबाला विचारलं तर म्हणाला, डॉक्टर खरं सांगतात. मग हा आला कशाला होता, ते मला अजून कळलं नाही.

मर्मर कमी झाली, गेली नाही. दर महिन्याला पेनिसिलिनची सुई, मोठा होईपर्यंत. ती चुकवली की दुखणं परत येतं आणि झडपेचा आणखी लचका तोडतं. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी पोर ठणठणीत दिसलं तरी सुई चुकवू नये. आणि धावणं सध्या बंद.

तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता कळेल. न धावणारं पोर ह्या साहेबाच्या काय कामाचं? मी मुद्दाम नंदूला मैदानावर नेलं. साहेबाने आपल्या गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या गळ्यात घातली. मी शिट्टी उलटीपालटी करून बघितली. कुठे क्रूस नव्हता.

आता मी रोज तिथे दगडावर बसतो. साहेब खेळाआधी मोठ्याने मागतो, मराठीत. मी बसलेला असतो म्हणून. पोरांना नंदूने शिकवून ठेवलंय, शेवटी सगळी ओरडतात, "व्हय म्हाराजा!" माझी बायको असती तर पोट धरून हसली असती.

उपकार मी विसरणारा नाही. डॉक्टरांचे, सुई टोचणाऱ्या बाईचे, आणि साहेबाचेही म्हणा. पण मैदानावर मागणं चालू असताना सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात तेव्हा माझे उघडे असतात. मी नंदूच्या छातीकडे बघत असतो. वरखाली होतेय ना, सारखी.