फांदी धरलेला हात

सकाळी फिरायला निघालो की देवासाठी लोकांच्या कुंपणावरची चार फुलं तोडायची, हा माझा जुना नेम. देवासाठी तोडलेलं फूल म्हणजे चोरी, असं आमच्या उरणात कुणी मानत नाही.

वळणावरच्या घरापुढे पूर्वी ट्रेलर उभा असायचा. मालकाने ड्रायव्हरकी सोडली आणि ऑइल गळून काळ्या पडलेल्या त्या अंगणात नवी माती टाकून जास्वंद, अबोली, मोगरा लावला. एकदा मी जास्वंदीची फांदी वाकवली, तोच तो लुंगी सावरत बाहेर आला. मी ओशाळलो.

"थांबा काका, आधी फोटो काढतो. माझे दोस्त बंदराच्या लायनीत गाड्या लावून बसलेत. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, दुसरं काय दिसत न्हाय. त्यांना फूल दाखवतो, मग न्या खुशाल."

तेव्हापासून मी रोज फांदी धरतो आणि तो एक डोळा मिटून, श्वास रोखून फोटो काढतो. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

काल त्याने हसत मोबाइल माझ्यापुढे धरला. एका दोस्ताने विचारलं होतं, "फूल झकास. पण हात कोणाचा?"

खाली त्याचं उत्तर होतं, "माळी ठेवलाय."