चंद्रावरचा पडदा

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. वडशाकडच्या नाटकांसाठी मी आणि तिथलाच एक रंगारी, आम्ही दोघंही पडदे रंगवायचो. मी नागपुरात चित्रकला शिकून आलेलो. तो चांद्याच्या पलीकडं कधी गेला नव्हता. रंगात तो विटेची भुकटी आणि कोळशाची राख मिसळायचा. चार फटकारे मारले की पाठ फिरवून खाली वाकायचा आणि दोन्ही पायांमधून पडद्याकडं उलटं बघत राहायचा. काही विचारलं तर एकच उत्तर, "थांब ना भाऊ, पाहून राह्यलो."

त्या वर्षी एका नाटकात चंद्रावरचा प्रवेश होता. नाटक मंडळीच्या मालकानं तो पडदा मला न देता त्याला दिला. धान कापलेल्या बांधीत पडदा वाळायला लावला होता, तेव्हा मी मुद्दाम खोड काढायला गेलो. राखेरी टेकड्या, भरदिवसा काळं आभाळ, झाड एकही नाही. खोड काही सापडेना, तसा मी आतून जळू लागलो.

तेवढ्यात मोहफुलांची टोपली घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "इथी पाणी कुठी भेटते रे, बापू?"

मला हसू आलं. तो हसला नाही. "त्या टेकडीच्या मांगं असन, बाई," म्हणाला, आणि ब्रश उचलून टेकडीला वळसा घालणारी एक बारीक पायवाट त्यानं काढली. म्हातारी मान हलवून निघून गेली.

माझ्या राजवाड्यांना आणि बागांना टाळ्या खूप पडल्या. पण तिथली वाट मला आजवर कुणी विचारली नाही.