हलक्या इंजिनाचे भावोजी

देवाने जग घडवलं तेव्हा त्याच्या हाताशी कानस नव्हती, म्हणून जगातली प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा थोडी जड राहून गेली, असं माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं ठाम मत होतं. ही चूक जमेल तेवढी दुरुस्त करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. ते शिरवण्याचे. आधी खाडीपलीकडे गोदीत फिटर होते, मग आमच्या पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले तेव्हा घराजवळच एका कारखान्यात लेथवर लागले. गोदी सोडताना त्यांनी भंगारात निघालेली, महायुद्धाच्या आधीची एक शर्यतीची मोटारसायकल मचव्यात घालून खाडीतून घरी आणली. ती चालवता त्यांना यायची नाही आणि शिकायची इच्छाही नव्हती. त्यांना फक्त तिचं इंजिन आतून हलकं करायचं होतं.

सायकलचे मडगार्ड त्यांनी कधीच काढून टाकले होते. घराच्या किल्लीला भोकं पाडली, कालथ्याच्या दांड्याला पाडली. "डाव तेवढा वाचला," ताई म्हणायची, "कालवन गळंल म्हनून." ओटीवर इंजिन उघडं पडलेलं असायचं. पिस्टन आतून कोरायचा, कनेक्टिंग रॉड घासून आरशासारखा करायचा आणि ताईच्या सुकटीच्या तराजूत तोलायचा, हा रोजचा उद्योग. नेमकी त्याच सुमारास शेर-तोळे जाऊन ग्रॅमची वजनं आली. ताईच्या टोपलीत दोन्ही एकत्र. त्यामुळे पिस्टन तोळ्यांत, रॉड ग्रॅममध्ये आणि मधला फरक चिमूटभर जवळ्याने भरून काढलेला. मी शाळामास्तर, म्हणून ताळमेळ बसवायचं काम माझ्याकडे. मी पाटीवर मांडून द्यायचो, ते मान डोलवायचे, आणि दोघांनाही काही कळलेलं नसायचं.

एकदा धीर करून मी विचारलं, "भावोजी, हे हलकं करून होतं काय?"

"मास्तर, हा रॉड मिनिटाला हजारो येला वर जातो, थांबतो, खाली येतो. दर येली त्याला थांबवायला इंजिनाचा दम जातो. हलका असला का दम वाचतो."

"आणि हे जड चाक?"

"फ्लायव्हील. तेबी तासलं. आता इंजिन चटकन भडकंल. पन चटकन बंदबी पडंल."

"मग जड बरं की हलकं?"

त्यांनी चाक बोटाने एकदा फिरवलं. "तेच तर कलत नाय," म्हणाले.

दोन वर्षांनी एका रविवारी मुंबईबाहेरच्या एका पडीक धावपट्टीवर शर्यत ठरली. मोटारसायकल पुन्हा मचव्यात चढली. चालवायला कारखान्यातला त्यांचा जोडीदार, फेऱ्या मोजायला मी, आणि कडेला बसून बघायला भावोजी नि ताई. फेऱ्या दहा. दहावी पुरी झाली की मी लाल फडका हलवायचा आणि त्याने थांबायचं. पण पंधरा-सोळा गाड्या, वर ही धूळ. चौथ्या फेरीनंतर पुढची कोण आणि मागची कोण हेच समजेना. मी बोटं मिटत राहिलो. दहावं बोट मिटलं तसा फडका हलवला. जोडीदाराने गाडी बाजूला घेतली, मूठ सोडली, आणि इंजिन तत्क्षणी गप्प झालं. बाकीच्या गाड्या मात्र पुढे निघून गेल्या. एक फेरी अजून उरली होती. ढकलून ढकलून सुरू करेपर्यंत शर्यत संपली. जोडीदार म्हणाला, आपल्यापुढे एकच गाडी होती. दुसरा कोणी म्हणाला, एकही नव्हती. तिसऱ्याच्या मते आम्ही पहिल्यापासून शेवटचे होतो.

परतताना मचव्यात ताईने विचारलं, "म्हंजे आपन जिंकलो का हरलो?"

मला राहवेना. "भावोजी, चूक माझी आहे. मी नवव्या फेरीलाच फडका हलवला."

गार झालेल्या इंजिनावर तळवा ठेवून ते बसले होते. "मास्तर, मीबी धाच मोजल्या," ते म्हणाले. "त्यांचंच चुकलं असंल."

मला इतकं हायसं वाटलं, की पुढे कित्येक वर्षं मी हीच गोष्ट सगळ्यांना सांगत राहिलो. दोघांनी मोजल्या, दोघांच्याही दहाच भरल्या. पुन्हा शर्यतीचा योग आला नाही.

भावोजी गेल्यावर एकदा ताईशी तोच विषय निघाला. ती वाती वळत होती.

"ते कुठं मोजत होते?" ती म्हणाली. "शर्यतभर माझ्या बाजूला डोले मिटून बसले होते. नुसता आवाज ऐकत."

मीही थोडा कापूस हातात घेतला. वाती संपेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिलो.