तीर्थासोबतची कॅप्सूल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवासमोर एकटी बसूनसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या फुलपाड्यात राहत नाही.

माझा स्वभाव संशयी. दूधवाला, डॉक्टर, सून — सगळ्यांवर माझी नजर. माझ्या यजमानांच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज असते. गोळ्यांचा आठवड्याचा डबा आमची सून सायली भरायची. ती इथल्याच जूचंद्र गावची, आम्ही रत्नागिरीकडचे. मला ती — खरं सांगू? — कधी पटलीच नव्हती.

गेल्या वर्षी यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर काळेनिळे डाग. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, गोळीचा परिणाम जास्त होतोय, चुकून दोन तर जात नाहीत ना? माझ्या मनात लगेच सायली. मी तिच्यामागे डबा तपासू लागले. गोळ्या बरोबरच निघायच्या. तरी वाटायचं, मी बघते हे ओळखूनच ती नीट भरत असणार.

मग एका सकाळी यांच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे सगळ्यांदेखत मी सायलीला विचारलं, दोन-दोन देतेस का?

"एकच गोली देते, आई. डबा तुमीच बघता ना रोज."

म्हणजे तिला माहीत होतं. मुलगा बिलाच्या खिडकीकडे निघून गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आणखी काही देता का — काढा, चूर्ण, शक्तीच्या गोळ्या? मी नाही म्हणाले.

देत होते. सोसायटीतल्या एकीने दिलेल्या, स्मरणशक्तीच्या कॅप्सूल. आणखी एक गोळी म्हटलं की हे चिडायचे, म्हणून पूजा झाली की तीर्थासोबत हातावर ठेवायची. तीर्थाला कोण प्रश्न विचारतं? झाडपाल्याचं ते, त्याने काय होणार, असं वाटायचं. पण डॉक्टरांनी विचारलं त्याच क्षणी मला कळलं होतं. घरी येऊन बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली: रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यास घेऊ नये. बाटली मी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

पुढचा रिपोर्ट नीट आला. दवाखान्यातून आल्यावर डबा मी सायलीच्या हातून काढून घेतला होता; त्यामुळेच फरक पडला, असं सगळ्यांनी ठरवलं. मी ठरवू दिलं. मला लाज वाटली, तरीही ठरवू दिलं.

आता यांना साधी तापाची गोळी द्यायची झाली तरी सायली आधी त्या गोळीचा फोटो काढून मला पाठवते. शेजारच्या खोलीतून. मी 'दे' असं लिहिते. मग ती देते.