सिग्नलपुरतं सरकार

“काय सरकार, आज कुणाकुणाला ‘नाही’ म्हणालात?”

संध्याकाळी मी गाडीतून उतरले की शेजारचे काका फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून हे विचारायचे. मी शहराच्या परवाना खात्यात काम करते. कुणाला घरामागे लाकडी डेक बांधायचा असतो, कुणाला बेसमेंटला दुसरं दार काढायचं असतं. ती माणसं आमच्या काउंटरवर येतात. काकांच्या लेखी माझी नोकरी म्हणजे जवळजवळ गुन्हाच. पण त्या गुन्हेगाराच्या दारापुढचा बर्फही ते न सांगता शोव्हल करून ठेवायचे.

टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या आमच्या रस्त्यावरचे ते सगळ्यांत जुने मराठी. निवृत्त इंजिनीयर. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, गणपतीच्या जेवणाच्या रांगेत हातात रिकामी प्लेट घेऊन राज्यशास्त्र सांगणारी. काकांचं थोडक्यात म्हणणं असं: “सरकारनं चोर पकडावा, शत्रू अडवावा, दिलेला शब्द पाळायला लावावा. बाकीच्याला शेजारी आहेत की!”

“मग तुमची बायपास फुकटात कुणी केली, काका? शेजाऱ्यांनी?”

ते कानातलं यंत्र काढून रुमालानं पुसायला लागायचे. “अवघड प्रश्न आला की मला कमी ऐकू येतं,” म्हणायचे. आणि यंत्र परत घालता घालता हळूच, “प्रश्न बरोबर आहे हं तुझा.”

हे वेड आलं कुठून, ते त्यांनी एकदाच सांगितलं. इचलकरंजीत त्यांच्या वडिलांचे चार माग होते. पाचवा घेतला, पण त्याची परवानगी काही येईना. एक सरकारी साहेब आला आणि मागाला सील ठोकून गेला. जाताना म्हणाला, “तुमच्याच भल्यासाठी आहे, धंदा फार वाढवू नका.” वडील रोज सकाळी त्या बंद मागाला तेल घालत. “गंजू नये म्हणून,” काका म्हणाले आणि विषय बदलला.

समोरच्या घरातल्या माणसानं ड्राइव्हवेवर एक मोडकी बोट आणून ठेवली, तेव्हा सगळ्या गल्लीनं तक्रारीवर सह्या केल्या. काकांनी केली नाही.

“तुम्हाला आवडते ती बोट?” मी विचारलं.

“घाणेरडी आहे. पण त्याची आहे.”

मग ते स्वतः त्या माणसाशी बोलायला गेले. चहा पिऊन परत आले. बोट हलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघं मिळून तिच्यावर ताडपत्री बांधत होते.

काकू शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या आधी नावं विसरल्या, मग गॅस, मग घर. एका फेब्रुवारीत, दुपारी, चपला घालून बाहेर पडल्या. तीन चौक पलीकडच्या बसस्टॉपवर सापडल्या, तेव्हा पाय निळे पडले होते. त्यांची मुलगी व्हँकुव्हरला असते. ती फोनवर रडत म्हणाली, “बाबा, प्लीज, दाराला लॉक लावा. शी कुड हॅव डाइड.”

काकांनी दाराला वरच्या बाजूला कडी बसवली, काकूंचा हात पोचणार नाही अशी.

दोन दिवसांनी मी भाजी द्यायला गेले. काकू कोट घालून, खांद्याला पर्स लावून, बंद दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. काका जिन्याच्या पायरीवर बसले होते. काकूंनी मला अगदी अदबीनं विचारलं, “मला बाहेर जायचंय. परवानगी कुणाकडून घ्यायची?”

काकाच म्हणाले, “तिच्याच भल्यासाठी आहे गं.” आणि आपलंच वाक्य ऐकून त्यांनी वर कडीकडे पाहिलं. म्हणाले, “झालो की मी साहेब.”

शनिवारी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन कडी काढत होते. मी भांडले. या थंडीत काय होऊ शकतं, ते त्यांना पुन्हा सांगितलं.

“माहीत आहे,” ते म्हणाले. “म्हणून माझेही बूट दारातच ठेवलेत.”

त्या दिवसापासून काकू निघाल्या की काका त्यांच्या मागे निघत. दहा-पंधरा पावलं अंतर राखून, हातात त्यांचे मोजे आणि टोपी. काकू डावीकडे वळल्या तर डावीकडे, थांबल्या तर थांबायचं. हाक मारायची नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, घसरड्या फुटपाथवरून.

“आणि रस्ता आला की?”

“सिग्नलला हात धरतो. तिथं माझी सत्ता. पलीकडे गेलो की सोडतो.” मग जरा हसून, “तेवढंच सरकार पुरतं, बघ.”

अशा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या, शहराच्या डे सेंटरचा फॉर्म मी भरून दिला, तर त्यांनी तो चक्क घेतला. रोज सकाळी मात्र काकूंना विचारायचे, “जायचं का आज?” त्या ‘नाही’ म्हणाल्या की सेंटरला फोन. तिथली बाई वैतागायची. काका तिची माफी मागायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे.

दोन हिवाळे असे गेले. तिसरा येण्याआधीच, ऑक्टोबरात, काका झोपेतच गेले.

मुलगी काकूंना न्यायला आली. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात, बॅगा डिकीत. काकूंना मागच्या सीटवर बसवलं. मुलगी घराला कुलूप लावायला वळली आणि एवढ्यात काकू दार उघडून उतरल्या, फुटपाथनं चालायला लागल्या. मुलगी धावली. मी तिचा दंड धरला.

“थांब. मागून जाऊ.”

“फ्लाइट आहे, ताई!”

“थोडंच.”

आम्ही दोघी मागून चालत राहिलो. ती मुलगी आवाज न करता रडत होती. काकू कोपऱ्यापर्यंत गेल्या. तिथल्या मेपलची पानं जमिनीवर पडली होती. त्या उभ्या राहिल्या, चारी दिशांना नीट पाहिलं. मग स्वतःहूनच वळल्या, आमच्या शेजारून, ओळख नसल्यासारख्या, सरळ टॅक्सीपर्यंत गेल्या आणि आत बसल्या.

ड्रायव्हर पंजाबी होता. वर्गाला सांगावं तशा स्वरात त्या त्याला म्हणाल्या, “चला आता.”

त्याला ते बरोबर कळलं.