खोलगट दगड
ओल्या दगडाचा वास आला की पाचोऱ्यातल्या सासऱ्यांच्या सलूनमधला एक दिवस आठवतो. वस्तऱ्याला धार लावायचा त्यांचा दगड मधोमध झिजून होडीसारखा खोलगट झाला होता. त्यावर पातं सपाट टेकायचंच नाही, धार लागायची नाही आणि दाढी ओरबाडली जायची. धाकट्या दिराची हळद होती आणि आमच्याकडे नवरदेवाची दाढी घरच्याच वस्तऱ्याने होते. "तो दगड मरेल शे, जा, ब्लेड लई ये," सासरे, म्हणजे आबा, मोठ्या दिराला म्हणाले; दगड मेला, म्हणून विकतचं ब्लेड आणायला. माहेरी शेजारचे सुतारकाका रंध्याच्या पात्याला धार लावायच्या दगडाचं जे करायचे, तेच मी केलं. दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा ओढल्या, मागच्या फरशीवर वाळू-पाणी टाकलं आणि शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत, म्हणजे दगड सगळीकडून सपाट होईपर्यंत, घासत राहिले. बोटं सोलवटली. मग त्यावर धार लावलेला वस्तरा आबांसमोर धरला. त्यांनी मनगटावरचे केस उडवून पाहिले, नवरदेवाला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसले. "पहिले मनी दाढी कर," मला म्हणाले, म्हणजे नवरदेवाच्या आधी त्यांची. तोवर सासऱ्यांपुढे मी पदर ढळू दिला नव्हता. त्या दिवशी तो कमरेला खोचला आणि त्यांची हनुवटी धरली. आता ते सलून मी चालवते. दगडाशेजारी पेन्सिल असतेच.