वामनकाकांची सनद

काल धोब्याने खळ दिलेल्या साड्या आणल्या आणि त्या वासाने मी थेट महायुद्धाच्या दिवसांत गेले. बाळांनो, माझे बाबा जबलपुरात बॅरिस्टर होते. खुनाच्या खटल्यांत आरोपींची बाजू मांडत. कोर्टात गळ्याला बांधायचे त्यांचे पांढरे बँड आई अशीच खळ देऊन कडक करायची.

त्या वर्षी बाबांना वकिलांच्या चौकशी समितीवर नेमलं आणि पहिलीच तक्रार आली ती त्यांच्या जिवलग मित्राविरुद्ध, वामनकाकांविरुद्ध. अशिलाला फसवल्याचा आरोप होता. खरा ठरला तर वकिलीची सनद जाणार होती.

दिवाळीला काका नेहमीसारखे अनारसे घेऊन आमच्या सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यावर आले. बाबांनी त्यांना फाटकातच थांबवलं.

"निकाल लागेपर्यंत तुझ्या घरचं काही घेता येणार नाही, वामन."

"काहून रे? खुन्यांच्या घरचा चहा चालतो, अन् माझे अनारसे नाही?"

"त्यांचा मी वकील असतो. तुझा तर निवाडा करून राहिलो."

काका हसले, डबा घेऊन परत गेले. पुढे त्यांची सनद गेली, आणि ते गावही सोडून गेले.

त्या दिवाळीच्या सकाळी, काका गेल्यावर, बाबा कितीतरी वेळ फाटकाशी एकटेच उभे होते. मला मात्र अनारसे गेल्याचा राग आला होता. आता वाटतं, काकांवर खुनाचा आळ आला असता, तर बाबांना निदान त्यांच्या बाजूने उभं राहता आलं असतं.